‘हाफ टिकट’ बघण्याआधी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त गच्चीवर ‘हाफ टिकट’ हा चित्रपट दाखवण्यात आला. त्याआधी बी विंगमधील एका ज्येष्ठ सभासदांनी केलेलं हे भाषण. ते रेल्वेतून तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाले आहेत.)



सेक्रेटरींनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. पंचवीस वर्षांत जनरल बॉडीमध्ये मला सलग पंधरा मिनिटं कुणी बोलू दिलेलं नाही. तेव्हा आजची मी पुरेपूर वापरणार, हे आधीच सांगून ठेवतो. चहा नंतर आहे.

सिनेमा कोणता लावायचा यावर कमिटीत बरीच चर्चा झाली. तरुणांना नवा हवा होता, महिला मंडळाला पौराणिक. मी किशोरकुमारचं नाव काढलं तेव्हा मात्र सगळे एकदम ‘हो’ म्हणाले. मला वाटलं, जिंकलो. मग कळलं की त्यांच्या डोक्यात कराओके होतं! आपल्या सोसायटीत मोजून सहा किशोरकुमार आहेत. ए विंगमधले दोन तर समोरासमोर राहतात. सगळे डोळे मिटून विरहाची गाणी गातात आणि छान गातात, माझी काही तक्रार नाही. पण या सहांपैकी एकानेही आजवर किशोरचं विनोदी गाणं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. ‘चलती का नाम गाड़ी’मधलं पाच रुपये बारा आण्यांचं गाणं घरी एकदा म्हणून बघा. दुसऱ्या ओळीला दम लागतो, तिसऱ्या ओळीला शब्द घसरतात, आणि एवढं करून घरचे हसत नाहीत.

माझा मुद्दा तेवढाच आहे. किशोरकुमारचा आवाज आपण जपून ठेवला आणि त्याच्यातला विदूषक माळ्यावर टाकला. आज ज्यांची वयं चाळिशीच्या आत आहेत त्यांना तो पडद्यावर कसा दिसायचा हेच ठाऊक नाही. त्यांना राजेश खन्ना दिसतो, अमिताभ दिसतो, देव आनंद दिसतो. आवाज मात्र या माणसाचा. आज तो माणूस बघायचा आहे.

तो तसा आपल्या लाइनचा. मुंबईहून निघालं की साधारण २६० किलोमीटरवर मनमाड, पुढे जळगाव, भुसावळ, बुऱ्हाणपूर आणि मग खांडवा. आपल्यापासून तीनशे किलोमीटरच्या आसपास. मी त्या पट्ट्यात इतक्या फेऱ्या केल्या आहेत की झोपेतही स्टेशनं म्हणून दाखवीन. खांडव्यात कुंजलाल गांगुली नावाचे वकील होते. त्यांचा थोरला मुलगा मुंबईला बॉम्बे टॉकीजमध्ये गेला आणि अशोककुमार झाला. धाकट्याचं नाव आभासकुमार, जन्म ४ ऑगस्ट १९२९. तोच किशोर. दादा आधी मोठा नट झालेला असल्यामुळे धाकट्यालाही नटच व्हावं लागलं, आणि याला तर गायचं होतं. कुंदनलाल सैगल हे त्याचं दैवत. १९४८ च्या ‘ज़िद्दी’मध्ये खेमचंद प्रकाश यांनी त्याला पहिलं गाणं दिलं. ते ऐका, किशोर हुबेहूब सैगलसारखा गातो. पुढे सचिनदेव बर्मन यांनी त्याला समजावलं, की नक्कल सोड, तुझं तू गा.

मग त्याच्या गाण्यात ते ‘यूडल-ऊ’ आलं. त्याला यॉडलिंग म्हणतात. गळ्यातला जाड आवाज आणि वरचा पातळ आवाज यांच्यात झटकन उडी मारायची, परत यायचं, परत उडी. हे त्याने परदेशी रेकॉर्डी ऐकून उचललं असं सांगतात, आणि त्यात जिमी रॉजर्स या अमेरिकन गायकाचं नाव घेतलं जातं. आता मनमाडकरांनी कान द्या. हा जिमी रॉजर्स रेल्वेत ब्रेकमन होता! तिकडे त्याला ‘गाणारा ब्रेकमन’ म्हणूनच ओळखायचे. क्षयाने १९३३ साली गेला, पस्तीस वर्षांचा होता. मिसिसिपीच्या रेल्वेवाल्याची ललकारी खांडव्याच्या वकिलाच्या घरात पोचली आणि तिथून आपल्या रेडिओत. आमच्या वडिलांना हे कळलं असतं तर त्यांनी किशोरकुमारला थोडा जास्त मान दिला असता. ते इथेच वर्कशॉपमध्ये फिटर होते, पुलांचे गर्डर बनवायचे, आणि किशोरकुमारला ‘तो येडा’ म्हणायचे.

आता थोडं परदेशात जाऊ, लगेच परत येऊ. माइक नव्हता तेव्हा गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागायचा. माइक आल्यावर कानाशी बोलल्यासारखं गाता येऊ लागलं. अशा मऊ, लाडीक गाणाऱ्याला तिकडे क्रूनर म्हणतात. त्यातला फार मोठा म्हणजे बिंग क्रॉस्बी. हॉलिवूडच्या निर्मात्यांनी या गायकांना सिनेमात घेतलं, पण एक गोष्ट त्यांनी लवकर ओळखली. नुसता गोड गाणारा माणूस दोन तास बघवत नाही. शेजारी एक वात्रट लागतो. म्हणून क्रॉस्बीच्या शेजारी बॉब होप आला. दोघांनी ‘रोड टू सिंगापूर’, ‘रोड टू मोरोक्को’ असे सात सिनेमे केले, पहिला १९४० साली आणि शेवटचा १९६२ साली. नंतरची जोडी डीन मार्टिन आणि जेरी लुईस. मार्टिन देखणा, गोड गळ्याचा, केस नीट बसवलेला. लुईस म्हणजे निव्वळ माकडचेष्टा. १९४९ ते १९५६ या काळात त्यांचे सोळा सिनेमे आले. आपल्याकडच्या कुणी ते बघितले नसतील तर जरूर बघा, यूट्यूबवर तुकडे सापडतात. मार्टिन गाणं सुरू करतो आणि मागे लुईस काहीतरी पाडतो, सांडतो, फोडतो. भाषा कळली नाही तरी हसू येतं.

त्यातला १९५५ चा ‘यू आर नेव्हर टू यंग’. त्यात न्हाव्याच्या हाताखाली काम करणारा जेरी लुईस लहान मुलाचा वेष घेऊन गाडीत बसतो. त्याच्याजवळ चोरलेला हिरा आलेला असतो, चोर मागे लागलेला असतो. ओळखीचं वाटतंय ना? तुम्ही आता जो सिनेमा बघणार आहात त्याचं मूळ हे. आणि या मुळालाही मूळ आहे. १९४२ साली बिली वाइल्डर या दिग्दर्शकाने ‘द मेजर अँड द मायनर’ काढला. त्यात जिंजर रॉजर्स पूर्ण भाड्याचे पैसे नाहीत म्हणून वेण्या घालून लहान मुलगी बनते. तेव्हा कथा आपली नाही, हे सरळ मान्य करून टाकू. आपल्याकडे अशी मंडळी लगेच ‘चोरी, चोरी’ म्हणून ओरडतात. ओरडू द्या.

पण फरक बघा. तिकडे गाणारा मार्टिन आणि धिंगाणा घालणारा लुईस, अशी कामाची वाटणी होती. एकाने सूर सांभाळायचा, दुसऱ्याने भांडी फोडायची. १९६२ च्या ‘हाफ टिकट’मध्ये दिग्दर्शक कालिदास यांच्याकडे दोन माणसं नव्हती. एकच होता. त्याने दोन्ही केलं, आणि तेही एकाच वेळी, एकाच श्वासात. तो गाणं थांबवून विनोद करत नाही. गाण्याच्या आतच विनोद करतो. सुराला धक्का न लावता हसवणं ही काय चीज आहे, हे आपल्या सहा किशोरकुमारांना विचारा.

याचा कळस म्हणजे या सिनेमातलं ते प्रसिद्ध गाणं. संगीत सलील चौधरी, शब्द शैलेंद्र. पडद्यावर किशोरकुमार बाईच्या वेषात आहे आणि समोर प्राण पुरुषाचं गातो आहे. गाणं ठरलं होतं किशोर आणि लताबाईंचं. लताबाई त्या वेळी येऊ शकत नव्हत्या असं सांगतात, तेव्हा किशोर म्हणाला, दोन्ही मीच गातो. सलीलदांना धास्ती वाटली. वाटणारच. याच सलीलदांनी १९५४ च्या ‘नौकरी’च्या वेळी ‘हा शास्त्रीय शिकलेला नाही’ म्हणून किशोरला गाणं द्यायला आढेवेढे घेतले होते. आठ वर्षांनी त्याच माणसाने त्यांच्यासमोर बाईचा आणि पुरुषाचा आवाज आळीपाळीने लावला. आता लक्ष ठेवा, बाईचा आवाज काढताना तो नुसता पातळ आवाज काढत नाही. लाजतो, ठसकतो, मुरकतो, आणि ते सगळं सुरात. आणि प्राणसारखा खलनायक किशोरच्या आवाजात गाताना बघणं ही आणखी वेगळी गंमत.

एक उलटी गंमतही सांगतो. या एवढ्या गळ्याच्या माणसाला स्वतः पडद्यावर असताना दुसऱ्याचा आवाज घ्यावा लागला आहे. १९५८ च्या ‘रागिनी’मध्ये आणि १९५९ च्या ‘शरारत’मध्ये किशोरच्या तोंडी मोहम्मद रफींचा आवाज आहे. पैज लावायला चांगलं आहे. मी यावर दोन वेळा मिसळ जिंकलो आहे.

‘पड़ोसन’ची बऱ्याच जणांनी मागणी केली होती. तो १९६८ चा, रंगीत, आणि आपल्या सोसायटीला जास्त लागू आहे हेही खरं. समोरासमोरच्या दोन खिडक्या आणि त्यातून होणारं सगळं रामायण! त्यात किशोर नायक नाही, पान खाणारा नाटकवाला गुरू आहे. नायक सुनील दत्तला गाता येत नाही, शेजारणीला गाण्याचं वेड, तेव्हा गुरू लपून गातो आणि सुनील दत्त खिडकीत उभा राहून नुसते ओठ हलवतो. म्हणजे हिंदी सिनेमा जे तीसेक वर्षं गुपचूप करत होता ते या लोकांनी उघडं करून दाखवलं, आणि ते करणारा कोण, तर ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना आवाज दिला तोच. मेहमूदसाठी मन्ना डे गायले आहेत. शिकलेला गवई एका बाजूला आणि न शिकलेला दुसऱ्या बाजूला, अशी ती जुगलबंदी. ‘पड़ोसन’ आपण पुढच्या वर्षी लावू. गच्चीचं वॉटरप्रूफिंग टिकलं तर.

मी ‘हाफ टिकट’चा आग्रह धरला याला एक खाजगी कारण आहे. मी पस्तीस वर्षं लोकांची तिकिटं तपासली. हाफ तिकीट म्हणजे काय, हे या गच्चीवर माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल.

बारा वर्षांच्या आतल्या मुलाला अर्धं भाडं. आता २०१६ पासून मुलाला वेगळा बर्थ हवा असेल तर भाडं पूर्ण लागतं, पण आमच्या वेळी तसं नव्हतं. त्यामुळे आमच्या रेल्वेत मुलं अकराव्या वर्षाला आली की वाढायची थांबत. तीन-तीन, चार-चार वर्षं अकराच. आई आधीच पढवून ठेवायची. आम्ही वय विचारायचोच नाही. ‘बाळा, कितवीत आहेस?’ असं विचारायचं. पोरगं अभिमानाने ‘आठवीत’ सांगायचं आणि आई कपाळाला हात लावायची.

एकदा, १९८० नंतरची गोष्ट, भुसावळहून येणाऱ्या गाडीत, जनरल डब्यात एक बाई आणि तिचा मुलगा होता. बुऱ्हाणपूरकडून येत होते, कल्याणला जायचं होतं. मुलाला मिसरूड फुटलेलं आणि हातात हाफ तिकीट. मी विचारलं, कितवीत? आई काही बोलायच्या आत त्या पोराने ओठ पुढे काढले, मान वाकडी केली आणि बोबडं बोलायला लागला. ‘हाफ टिकट’मधल्या मुन्नासारखं, अगदी तसंच! सगळा डबा हसायला लागला. मीही हसलो. कोण नाही हसणार? मग मी पावती फाडली. जादा भाडं आणि दंड. बाईने कमरेची पिशवी सोडली, नाणी मोजली, ती पुरली नाहीत. मघाशी हसणाऱ्यांपैकी एकाने दोन रुपये काढले, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. पोरगा तोपर्यंत गप्प झाला होता. खिडकीतून बाहेर बघत होता, आणि आता तो चांगला पंधरा वर्षांचा दिसत होता.

त्यानंतर मी हा सिनेमा जेव्हा जेव्हा बघितला तेव्हा एक गोष्ट खटकत आली. सिनेमातला विजय हा बड्या उद्योगपतीचा मुलगा आहे. बापाशी भांडून घर सोडतो, खिशात पूर्ण तिकिटाचे पैसे नसतात म्हणून मुन्ना होतो. आपण मोकळेपणाने हसतो, कारण मागे बापाचा बंगला आहे हे आपल्याला माहीत असतं. आमच्या गाडीतल्या मुन्नाच्या मागे काही नव्हतं. म्हणून सिनेमा वाईट ठरतो का? माझ्या मते नाही. त्या पोराने तो सिनेमा कुठेतरी बघितला होता, त्याला तो पाठ होता, आणि अडचणीच्या वेळी त्याला तोच आठवला. किशोरकुमारला याहून मोठी दाद कुणी दिली असेल असं मला वाटत नाही.

मी स्वतः हा सिनेमा पहिल्यांदा बघितला तो रेल्वे कॉलनीत, गणपतीत, दोन बांबूंना बांधलेल्या पडद्यावर. समोर जागा नव्हती म्हणून आम्ही पोरं पडद्याच्या मागे बसलो. मागून सगळं उलटं दिसतं. नावं उलटी, डावखुरे लोक, उजवीकडून डावीकडे धावणारी गाडी. पण ऐकायला उलटं काही नव्हतं. पुढचे हसायचे त्याच वेळी मागचे हसायचे. माझी सौ. असताना दूरदर्शनवर लागला की आम्ही दोघं बघायचो. तिला बोबडं बोलणं आवडायचं नाही, पण प्राणची फजिती झाली की ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. ती गेल्यावर मी तो मोबाइलवर बघितला. पूर्ण बघितला, गाणी तर दोनदा. एकदाही मोठ्याने हसलो नाही. सिनेमा तोच होता. तेव्हा मी कमिटीला म्हटलं, हा गच्चीवर लावा. दोन्ही विंगला एकत्र बसवा. पार्किंगच्या रेषेवरून जे एकमेकांशी बोलत नाहीत त्यांनाही बोलवा. आलेत ते, मला दिसतायत, एक पुढे एक मागे.

आता मधुबालेबद्दल. आज सिनेमात तिला बघाल, रजनीदेवी. ‘चलती का नाम गाड़ी’ १९५८ चा. त्यात पावसात तिची मोटार बंद पडते आणि ती रात्री गॅरेजमध्ये येते. किशोर हातात पाना घेऊन गातो आणि ती आधी चिडते, मग हसू दाबते, मग दाबता येत नाही. ते हसू मला आजही अभिनय वाटत नाही. १९६० साली दोघांचं लग्न झालं. तिच्या हृदयात जन्मापासून छिद्र होतं. तेव्हा त्यावर आपल्याकडे इलाज नव्हता, लंडनच्या डॉक्टरांनीही हात टेकले. ‘हाफ टिकट’ आला तेव्हा ती आजारी होती. २३ फेब्रुवारी १९६९ ला गेली, वय छत्तीस. त्यांच्या संसाराबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, मी त्यात पडत नाही. पण ज्या घरात हे चाललं होतं त्या घरातला माणूस हाफ चड्डी घालून आगगाडीत धिंगाणा घालत होता, हे माहीत असू द्या. माहीत असूनही तुम्ही हसाल. मी दरवेळी हसतो.

किशोर गेला १३ ऑक्टोबर १९८७ ला, दादामुनींच्या वाढदिवशीच. त्याच वर्षी आपल्या मराठीत ‘गंमत जंमत’ आला होता आणि त्यात तो अशोक सराफांसाठी गायला होता. ते ऐकण्यात मजा आहे. अंत्यसंस्कार खांडव्यालाच झाले. समाधी तिथेच आहे. स्टेशनवर उतरून जाता येतं. मी दोनदा जाऊन आलो.

सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत. शेवटच्या तीन सूचना. प्रिंट काळी-पांढरी आहे, मुलांनी ‘रंग गेला’ म्हणून ओरडू नये. दहानंतर आवाज कमी करावा लागेल, खालच्या मजल्यावर दहावीची मुलं आहेत. पण ते दोन आवाजांचं गाणं त्याआधी येईल असा मी हिशेब केला आहे. ते लागलं की कुणीही पाणी प्यायला उठू नये. आणि टाकीला टेकून बसलेल्या मंडळींनी जरा उजवीकडे सरकावं, पडद्याचा कोपरा झाकला जातोय. हां, तेवढं पुरे. लाइट घालवा.